काळ्या रंगाखालची रेघ

रेघोबाचं खरं नाव त्याच्या ओळखपत्रावर तेवढं उरलं होतं. एरवी अख्ख्या विमानतळावर तो रेघोबाच. विमानं जिथे उतरतात ती धावपट्टी, आणि तिथून ती चाकांवर चालत आपापल्या जागी जातात ते रस्ते, म्हणजे टॅक्सी-वे, या सगळ्यांवर पिवळ्या-पांढऱ्या रेघा मारणारी जी टोळी होती, तिचा तो मुकादम. एकतीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. त्याआधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पण अक्षरांना वळणं फार आणि गिऱ्हाइकांना अक्कल कमी, म्हणून इकडे आलो, असं तो सांगायचा.

सरळपणाचं त्याला वेडच होतं. टेबलावर चमचा तिरका दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. त्याची बायको आल्यागेल्याला सांगायची, "लग्नाच्या दिवशी हे माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, भाळले रूपावर. तर हळूच कानात म्हणतात कसे, तुझा भांग डावीकडे सरकलाय!"

सगळ्या रेघांत त्याची लाडकी एकच. टॅक्सी-वे धावपट्टीला मिळतो त्याच्या अलीकडे चार पिवळ्या पट्ट्या आडव्या मारलेल्या असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. ही थांबायची रेघ. विमान असो, जीप असो, पाण्याचा टँकर असो, इथे थांबायचं, टॉवरला विचारायचं, आणि टॉवर हो म्हणाला तरच पुढे चाक टाकायचं. कारण पलीकडे दर दोन-तीन मिनिटांनी शेकडो माणसं पोटात घेतलेलं एक विमान उतरत असतं, आणि त्याला ब्रेक मारून बाजूला होता येत नाही. नव्या ड्रायव्हरांना ही रेघ दाखवायला रेघोबालाच बोलवायचे. तो बुटाच्या टोकानं रेघेला हलकेच स्पर्श करायचा आणि म्हणायचा, "माणूस चुकेल, रेघ चुकणार नाही. रेघेवर राहा, म्हातारे व्हाल."

हे ऐकून जे म्हातारे व्हायला निघाले होते, त्यांत त्याची सख्खी भाचीही होती. धाकट्या बहिणीची मुलगी. 'मागे या' जीपची ड्रायव्हर. नवख्या वैमानिकाला वाट माहीत नसली की ही पिवळी जीप त्याच्या पुढे लागते, मागच्या पाटीवर 'माझ्या मागे या' असे दिवे लागतात, आणि घराएवढं विमान मुकाट्यानं एका लहानशा जीपमागून चालू लागतं. भाचीला त्याची भारी गंमत वाटायची. "मामा, घरात माझं कुत्रंसुद्धा ऐकत नाही, आणि इथे बघा," म्हणायची. तिला पास मिळाला त्या दिवशी रेघोबानं सगळ्या टोळीला चहा पाजला होता, दोनदा.

आणि त्या मंगळवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी हीच भाची जीप घेऊन सरळ धावपट्टीवर गेली.

विमान उतरायला आलेलं! चाकं खाली, नाक वर, जमीन हाकेच्या अंतरावर! टॉवरमधला माणूस ओरडला, वैमानिकानं इंजिनं फुल्ल केली, आणि ते धूड कानठळ्या बसवत पुन्हा आभाळात गेलं. कोणाला खरचटलंही नाही. प्रवाशांना दहा मिनिटं उशीर झाला, एवढंच. पण जीप जिथे उभी होती तिथलं कडेचं गवत पाचोळ्यासारखं उडालं.

तिचा पास तिथल्या तिथे काढून घेतला. कागदावर शब्द लिहिला, 'धावपट्टी-घुसखोरी'. त्या मोठ्या कोपऱ्यावरची ही वर्षातली तिसरी. आधी एका छोट्या विमानानं नाक घातलं होतं, मग विमान ओढणाऱ्या एका ट्रॅक्टरनं. दोन्ही वेळा चौकशी झाली, साहेब लोक दुपारी जेवून कोपऱ्यावर गेले, रेघ ठळक आहे, पाटी जागेवर आहे, दिवे चालू आहेत असं लिहून आले, आणि दोष चालवणाऱ्यावर गेला. आता शुक्रवारी अकरा वाजता समिती बसणार होती. तिचा पास कायमचा जाणार हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं, आणि पास गेला की कुंपणाच्या आत पाऊल नाही, मग जीप कुठली आणि नोकरी कुठली!

संध्याकाळी ती मामाकडे आली. मामीनं ताट वाढलं. भाची म्हणाली, "मी रेघेवरच होते. शपथेवर सांगते. रेघ सरळ पुढे जात होती."

"रेघ तिथे डावीकडे वळते," रेघोबा म्हणाला. "मी मारलीय ती. फोनमध्ये बघत होतीस का?"

"अहो!" मामी म्हणाली.

भाचीनं घास खाली ठेवला. "सगळ्यांनी हेच विचारलं, मामा. तुम्ही विचारायला नको होतं." आणि ती अर्ध्या ताटावरून उठून गेली. मामीनं ते ताट झाकून ठेवलं. रेघोबाला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला होता. आपली रेघ सरळ धावपट्टीत जाते, असं कोणी म्हणावं? आणि तेही घरातल्या माणसानं?

बुधवारी तो कोपऱ्यावर गेला तेव्हा तिथे विमानांची रांग लागली होती, जाता आलं नाही. गुरुवारी सकाळी सातलाच पोचला. मनात एकच, रेघ मोजायची, फोटो काढायचे, आणि समितीपुढे ठेवायचं की रेघेत काडीचाही दोष नाही. भाचीला वाचवायला नव्हे बरं का, रेघेला वाचवायला! माणसाचा स्वभाव औषधानं जात नाही.

मोठा कोपरा म्हणजे तीन टॅक्सी-वे एकत्र येतात तिथलं डांबराचं पटांगण. पूर्वी त्याच्या मधून एक रेघ तिरकी थेट धावपट्टीत जायची. अकरा वर्षांपूर्वी ती वाट बंद केली, रेघ डावीकडे वळवली, आणि पुढे काटकोनात नवं तोंड काढलं. थांबायची रेघ, पाटी, लाल दिवे, सगळं त्या नव्या तोंडाशी. पटांगण मात्र होतं तेवढंच मोकळं राहिलं.

पाण्याचा टँकर नुकताच कोपरा धुऊन कडेला उभा होता. गाड्यांचं तेल सांडतं म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा तो भाग धुतात. टँकरच्या ड्रायव्हरला सगळे 'टाकी' म्हणायचे, टँकरमुळे की पोटामुळे हे कोणी विचारलं नव्हतं. रेघोबाची आणि त्याची वीस वर्षांची दोस्ती.

रेघोबानं पट्टी काढून रेघ मोजली. पंधरा सेंटीमीटर, केसाचा फरक नाही. मग त्याला वाटलं, पोरीची जीप आली तिथून एकदा बघावं. तो पन्नास पावलं मागे गेला, रंगाची बादली पालथी घातली, तिच्यावर जीपच्या सीटवर बसावं तसा बसला, आणि समोर बघितलं.

सूर्य अगदी समोर, गवताच्या वर हातभर. ओलं डांबर चमकत होतं. आणि त्या चमकीत त्याची पिवळी रेघ कुठेच नव्हती! होती ती दुसरीच. लख्ख, पांढरी, अखंड, ताणलेल्या दोरीसारखी सरळ, पटांगणाच्या मधून तिरकी थेट धावपट्टीत गेलेली.

रेघोबा ताडकन उठला. धावत पुढे गेला, वळून उन्हाकडे पाठ केली. रेघ गायब! पिवळी रेघ जागेवर, डावीकडे शहाण्यासारखी वळलेली, आणि बाकी सगळं काळं डांबर. पुन्हा उन्हाकडे तोंड केलं. हजर! पाठ केली. गायब! बादलीवर जाऊन बसला. हजर! उठला, वळला, बसला, पुन्हा उठला.

टाकीनं खिडकीतून डोकं काढलं. "काय रे, या वयात व्यायाम सुरू केलास?"

"इकडे ये! उतर! धाव!"

"धाव काय? माझ्याकडे बघून बोल."

तरी टाकी उतरला, धापा टाकत आला, रेघोबानं त्याला खांदे धरून बादलीवर बसवलं. टाकीनं डोळे बारीक केले. "अरेच्चा! ही रेघ कधी मारलीस?"

ही रेघ कधी मारली ते रेघोबाला पक्कं माहीत होतं.

पण ते नंतर. आधी दाखवायला हवं होतं! तो सुटला तो थेट सुरक्षा अधिकारी मॅडमच्या ऑफिसकडे. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पायात जड बूट, अंगात नारंगी जाकीट, हातात रंगाची पट्टी, आणि पळतोय! वाटेत भेटेल तो विचारी, आग लागली का. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. मीटिंग संपेपर्यंत आठ वाजले, त्या त्याच्याबरोबर कोपऱ्यावर आल्या तेव्हा सव्वाआठ. सूर्य वर चढलेला, डांबर खडखडीत कोरडं.

मॅडम बिचाऱ्या बादलीवरसुद्धा बसल्या. बघितलं. उठल्या. "मला डांबर दिसतंय, रेघोबा. आणि घामाघूम झालेले तुम्ही दिसताय."

"मॅडम, सकाळी सात ते साडेसात. ओलं असताना. समोर ऊन असताना. तेवढंच दिसतं."

"भाची आहे ना ती तुमची?"

"आहे. म्हणून खोटं सांगेन?"

मॅडम कडक होत्या, पण खुनशी नव्हत्या. त्यांनी घड्याळ बघितलं. "समिती उद्या अकराला आहे. उद्या सकाळी टॉवरकडून थोडी मिनिटं मागून घेते. दाखवू शकलात तर दाखवा. नाही तर मला जे दिसलं तेच मी लिहिणार."

घरी आल्यावर रेघोबानं रंगाची वही काढली. रंग वाळणं हवेवर असतं, म्हणून रोजची हवा लिहून ठेवायची त्याची सवय होती. ऊन कसं, ओल किती, वारा कुठला. त्यानं वर्षातल्या तिन्ही घटनांच्या तारखा काढल्या. पहिली : सकाळी दव भरपूर, ऊन स्वच्छ. दुसरी : कोपरा धुतलेला, ऊन स्वच्छ. तिसरी, मंगळवारची : कोपरा धुतलेला, ऊन स्वच्छ. त्यानं वहीवर अशी थाप मारली की पेला उलटला.

"सापडलं! अगं, सापडलं! पोर खरं बोलत होती!"

"ते मला मंगळवारीच माहीत होतं," बायको पाणी पुसत म्हणाली. "त्याला वही कशाला लागते?"

मग त्याला टाकीचा प्रश्न आठवला. कपाटाच्या तळातून त्यानं एक जुनी वही ओढली, अकरा वर्षांपूर्वीची, आणि पान शोधून बायकोपुढे ठेवलं. त्याच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'मोठा कोपरा, तिरकी रेघ. घासायचं यंत्र बंद. काळा रंग, दोन हात, वरून चकाकीचा एक हात. उद्या सहाला रस्ता सुरू.'

जुनी रेघ यंत्रानं घासून, खरवडून काढायची असते. यंत्र बंद पडलं होतं, आणि सकाळी सहाला नवी वाट सुरू व्हायची होती. रेघोबानं रेघेवर काळा रंग मारला. आणि मारला तोही कसा, लवकर उडू नये म्हणून वरून चकाकीचा हात! किती खूश झाला होता तो त्या दिवशी. टोळीला उभं करून म्हणाला होता, शोधून दाखवा कुठे होती ती. कोणाला सापडली नाही. सापडणार कशी? उन्हाकडे पाठ करून काम करायचं, हा रंगाऱ्यांचा पहिला धडा, नाही तर डोळे दिपतात आणि हात चुकतो. एकतीस वर्षं त्यानं आपली प्रत्येक रेघ उन्हाकडे पाठ करून बघितली होती. चालवणारा मात्र उन्हाकडे तोंड करून येतो, आणि ओल्या चकाकीवर समोरचं ऊन पडलं की ती पांढरी पेटते, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नाही.

"आणि कागदावर सही केली," तो म्हणाला. "'रेघ घासून काढली' असं लिहून. माझी सही."

बायकोनं पान दोनदा वाचलं. "मग काय करणार?"

"रेघ दिसली की झालं. ती कशी राहिली हे कोण विचारतंय?"

"आणि विचारलं तर?"

"सात महिने राहिलेत गं माझे. एकतीस वर्षांत एक ठपका नाही."

"तिची तर अजून दोन वर्षंही झाली नाहीत," बायको म्हणाली, आणि भांडी आवरायला उठली.

शुक्रवारी उजाडलं ते ढग घेऊनच. रेघोबा खिडकीतून आभाळाकडे असा बघत होता की ढगांना लाज वाटावी. सहा पन्नासला तो कोपऱ्यावर होता. टाकी टँकर घेऊन आला. मॅडम 'मागे या' जीप स्वतः चालवत आल्या. ज्या सीटवर भाची बसते तिथूनच बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. भाची कुंपणाबाहेर फाटकाशी उभी होती. तिला आत यायची परवानगी नव्हती. मामा रेघेचं काहीतरी दाखवणार आहेत, असं मामीनं सांगितलं होतं, तेवढंच तिला माहीत होतं.

टॉवरनं सात वाजून बारा मिनिटांपासून सात मिनिटं दिली होती. तेवढा वेळ कुठलंही विमान उतरणार नव्हतं, आणि टॉवरमधल्या फळीवर धावपट्टीच्या नावाच्या खणात लाल ठोकळा ठेवला होता. तो ठोकळा खणात असेपर्यंत कोणाला परवानगी द्यायचीच नाही असा तिथला नेम. सकाळच्या गर्दीत सात मिनिटं म्हणजे कोणी हातावरचं घड्याळ काढून द्यावं तसं!

टाकीनं पाणी सोडलं. कोपरा ओला झाला. मॅडम पन्नास पावलं मागे जीपमध्ये बसल्या, रेघोबा त्यांच्या शेजारी. सात बारा. ढग. समोर राखाडी डांबर, त्यावर पिवळी रेघ स्पष्ट डावीकडे वळलेली.

"मला तर पिवळीच दिसतेय," मॅडम म्हणाल्या.

"ऊन येऊ द्या."

सात चौदा. ढग. सात पंधरा. टाकी खाली उभा राहून आभाळाला शिव्या देत होता, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. सात सोळा. रेडिओ बोलला, "तीन मिनिटं राहिली." सात सतरा. मॅडमनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं.

आणि ढग फाटला!

एकदम, पडदा ओढावा तसा. समोरचं डांबर पेटलं. "चला!" रेघोबा ओरडला, "जीप घ्या, रेघेवरून घ्या, चला!" मॅडमनी वही फेकली, गिअर टाकला, जीप निघाली. डोळ्यांवर हात आडवा धरून त्या पुढे वाकल्या. पिवळी रेघ उन्हात विरघळली आणि तिच्या जागी ती दुसरी लख्ख उठली. मॅडमनी एकदाही चाक डावीकडे वळवलं नाही. ज्यांनी या विमानतळाचे नियम लिहिले, ज्यांना आदल्या दिवशी सगळं सांगितलेलं, ज्या मुद्दाम तेच बघायला आल्या होत्या, त्या मॅडम जीप घेऊन सरळ धावपट्टीकडे निघाल्या!

"थांबा! मॅडम, थांबा!"

करकचून ब्रेक लागला. जीप थांबली तेव्हा धावपट्टीची कड दहा पावलांवर होती. थांबायची रेघ, पाटी, लाल दिवे सगळे डावीकडे लांब राहिले होते. मॅडमनी दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले होते.

"अगं बाई," त्या एवढंच म्हणाल्या.

टाकी मागून नाचत येत होता. "गेल्या! मॅडमपण गेल्या!" रेघोबालाही नाचावंसं वाटत होतं. त्याचे डोळे भरून आले होते. खरी होती पोर, अगदी खरी होती!

जीप मागे घेतली, टॉवरनं लाल ठोकळा काढला, आणि पहिलं विमान गर्जत उतरलं. मॅडम खाली उतरून, वाकून, त्या जागेवर हात फिरवत होत्या. मग त्या म्हणाल्या, "एक अडचण आहे. मी काल रात्री जुने कागद बघितले. इथली रेघ घासून काढली होती, असं लिहिलंय. मग हे काय आहे? समिती म्हणेल, टायरचं रबर चमकतंय. धुऊन टाका म्हणतील, आणि चालवणारीनं पाटी बघायला हवी होती, हे तसंच राहील. कागदावर रेघच नाही ना."

टाकी रेघोबाकडे बघायला लागला. त्याला ती रेघ कोणाची ते माहीत होतं, काळा रंग कालवायला पाणीही त्यानंच दिलं होतं. फाटकाशी भाची लहानशी दिसत होती.

"रेघ आहे," रेघोबा म्हणाला. "काळ्या रंगाखाली आहे. घासली नव्हती. मी घासली असं लिहिलं, ते खोटं लिहिलं."

मॅडम सरळ उभ्या राहिल्या. "हे अकरा वाजता म्हणाल?"

"म्हणेन."

अकरा वाजता तो ते म्हणाला. लांब टेबल, पलीकडे पाच माणसं, अलीकडे एका खुर्चीवर भाची आणि दारापाशी उभा रेघोबा. हातात अकरा वर्षांपूर्वीची वही. अध्यक्षांनी ते पान वाचलं, चष्मा काढला, आणि विचारलं, "यंत्र बंद होतं तर तेव्हाच का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर रस्ता वेळेवर उघडला नसता, साहेब. रेघोबाची रेघ वेळेवर झाली नाही, असं कोणी म्हटलेलं मला चाललं नसतं."

"आणि अशी अजून कुठे केलीत?"

हा प्रश्न मात्र त्यानं आधी मनात आणलाच नव्हता. "चार ठिकाणी," तो म्हणाला, आणि चारही ठिकाणं त्यानं सांगितली, कुठल्या वर्षी आणि किती हात मारले त्यासकट. तो बोलत असताना भाची मान वळवून त्याच्याकडे बघत होती. मंगळवारपासून पहिल्यांदा.

निकाल त्याच दिवशी लागला. कागदावरचा 'घुसखोरी' हा शब्द भाचीच्या नावापुढून खोडला गेला आणि पास तिच्या गळ्यात परत आला. आधीच्या छोट्या विमानाच्या वैमानिकाचं आणि ट्रॅक्टरवाल्याचंही नाव मोकळं झालं. पाचही काळ्या रेघा मुळापासून घासायच्या, आणि यापुढे रेघ उन्हाकडे तोंड करून, चालवणाऱ्याच्या सीटवरून तपासल्याशिवाय सही करायची नाही, असा हुकूम निघाला. रेघोबाची मुकादमी काढून घेतली. उरलेले सात महिने तो टोळीतला साधा कामगार.

घरी बायकोनं विचारलं, "वाईट वाटतंय?"

"फार," तो म्हणाला. "पण भूक लागलीय."

रविवारी सकाळी मोठा कोपरा बंद ठेवला होता. घासायचं यंत्र आलं, त्याच्या पुढे 'माझ्या मागे या' असे दिवे लावून पिवळी जीप आली, आणि जीपमध्ये भाची. यंत्राचा दांडा धरायला नव्या मुकादमानं कोणाचं नाव घ्यायच्या आतच रेघोबानं हात घातला. यंत्र सुरू झालं, धूळ उडाली, काळा रंग भुगा होऊन निघायला लागला. आणि त्याच्या खालून पिवळं वर आलं.

अकरा वर्षं उन्हापावसाचा स्पर्श नसलेलं पिवळं! काल मारल्यासारखं. दहा पावलं, वीस पावलं, रेघ उघडी होत गेली. रेघोबानं यंत्र बंद केलं आणि मागे वळून बघितलं. कुठे ढळली नव्हती, कुठे फुगली नव्हती. आयुष्यात इतकी सरळ रेघ आपण दुसरी मारली नाही हे त्याला तिथे उभं राहून कळलं.

भाची जीपमधून उतरून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तीही रेघेकडे बघत होती.

"मामा, फोटो काढू?"

"नको," तो म्हणाला. "किती वेळ दिलाय टॉवरनं?"

"अजून चाळीस मिनिटं."

"मग सरक बाजूला, डोळ्यांत धूळ जाईल," रेघोबा म्हणाला, आणि त्यानं यंत्राचं चाक पिवळ्यावर टेकवलं.